सगळ्यात हळू चालणारा पुढे हवा

ट्रेकवरून आलेल्या माणसाला हॉस्टेलमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो, "टॉपपर्यंत गेल्ते का भो?" सगळे सोबत होते का, हे कुणी विचारत नाही. माझा आक्षेप या प्रश्नालाच आहे.

डिसेंबरात आम्ही सात जण साल्हेरला गेलो. चोपड्याहून रात्री एकला निघून अमळनेर, धुळे, साक्री, पिंपळनेर, ताहाराबाद करत उजाडता उजाडता वाघांबे गाठलं. साल्हेर म्हणजे १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वात उंच किल्ला. १६७२ मध्ये मराठ्यांनी मोगलांना समोरासमोरच्या लढाईत हरवलं ते इथेच, आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत हाही आहे. तापीकाठच्या सपाटीवर वाढलेल्या आम्हा पोरांना मात्र पहिल्या तासातच इतिहास विसरायला झाला!

डोंगरातल्या वेळेचं एक जुनं गणित आहे. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेलं. पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. पण ते धडधाकट माणसाचं. सबमिशनची जागरणं करून, रात्रभर गाडीत आखडून बसलेल्याचं नाही.

सालोटा आणि साल्हेरच्या मधल्या खिंडीपर्यंत सगळे एकत्र होतो. पुढे कातळात खोदलेल्या पायऱ्या लागल्या आणि तिघे सुसाट सुटले. माझ्या रूम पार्टनरच्या पोटऱ्यांत गोळे येत होते, पण हा गडी गप्प! हॉस्टेलवर चिडवतील म्हणून. ओआरएसची पाकिटं पुढे गेलेल्यांच्या सॅकमध्ये. आम्ही चौघं त्याच्या चालीने, दर दरवाजात बसत, गंगासागर तलावापाशी पोहोचलो तेव्हा बारा वाजले होते. "बाराला जिथे असू तिथून मागे," हे गाडीतच ठरलेलं. वर परशुरामाचं मंदिर समोर दिसत होतं. आम्ही तिथेच भाकरी-ठेचा सोडला. ते तिघे वर जाऊन, फोटो काढून दीडला खाली आले. उतरताना पार्टनरला एका वेळी एक पायरी उतरवावी लागली. वाघांब्यात पोहोचेतो दिवे लागले होते.

आता हॉस्टेलचं म्हणणं असं की तिघांचं काय बिघडलं? काहीच नाही. पण चुकीच्या जोडणीवर रीडिंग बरोबर आलं म्हणून लॅबमध्ये सर सही करतात का? त्यांना ऊन लागलं असतं, कुणाचा पाय मुरगळला असता, तर त्यांना उचलायला आम्ही तिघंच, तेही एका दमलेल्याला सांभाळत. टॉप त्यांचा झाला, उतरायचा उजेड सगळ्यांचा खर्च झाला.

(पार्टनर अजून म्हणतो, "माझ्यामुळे तुमचा टॉप राहिला." याला काय म्हणावं? बाराची वेळ सातही जणांनी ठरवली होती.)

पुढच्या सुट्टीत तोरणमाळचं घाटतंय. यायचं असेल त्यांनी रूमवर नाव द्यावं. पाणी ज्याचं त्याच्याच पाठीवर, ओआरएस प्रत्येकाच्या खिशात, परतीची वेळ आधी रेक्टर सरांकडे लिहून. आणि पुढे माझा पार्टनर चालणार.