दुष्काळाची जात विचारा



हवामानबदल, संघर्ष, स्थलांतर. विद्यापीठात सध्या या तीन शब्दांना मोठा भाव आहे. यावर पीएचडी होते, फेलोशिप मिळते, परदेशात पेपर वाचता येतो. आपल्या पोरापोरींनी या वाटेनं जरूर जावं. पण जाताना एक सवाल खिशात ठेवावा. पाऊस पडला नाही, कबूल. पण विहीर कुणाची होती?

1901 साली खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता. रामजी सुभेदार तिथं कॅशियर. बापाला भेटायला निघालेला छोटा भीमराव भावाभाच्यांबरोबर मसूर स्टेशनात उतरला. महाराची पोरं म्हणून गाडीवान मिळेना. दुप्पट भाडं मोजलं आणि गाडी पोरांनीच हाकायची ठरली. रात्रभर पाण्याचा थेंब नाही. जवळ खायला होतं, पण पाण्यावाचून खाता आलं नाही. बाबासाहेबांनीच हे लिहून ठेवलंय. दुष्काळ सगळ्या मुलखाला होता, तहान मात्र जातीनं वाटलेली होती.

आज काय? त्याच सातारा जिल्ह्यात पाटणला पाऊस धो धो कोसळतो. कोयनेचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला जातं, वीज करतं आणि समुद्राला मिळतं. माण, खटाव, आटपाडी, जतचा माणूस मात्र वळकटी बांधून मुंबई गाठत आला. कृष्णाकाठी ऊस डोलतो, तो तोडायला बीडहून टोळ्या येतात. ऑगस्ट 2019 मध्ये तीच कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर चढली. हवामान बिघडलंय, यात वाद नाही. पण कालवा कुठं वळवायचा हे ढग ठरवत नाहीत.

'आता गावात नळ आलाय, शिवाशिव गेली,' असं सांगणारे भेटतील. त्यांना विचारा, शेतीचं पाणी कुणाला? ज्याचा सातबारा, त्याचा पाट. ज्याच्या नावावर गुंठा नाही, त्यानं पाट बघत बसायचं नाहीतर एस.टी. धरायची.

गेल ऑम्व्हेट यांनी 1973 साली बर्कलेतून पीएचडी घेतली, ती ब्राह्मणेतर चळवळीवर. पुढं त्यांनी सांगली जिल्ह्यात कासेगावला घर केलं आणि 2021 साली तिथंच देह ठेवला. इथल्या दुष्काळी भागातली चळवळ हेच त्यांचं विद्यापीठ झालं. त्या चळवळीनं 1980 च्या दशकात खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बळीराजा धरण बांधायला घेतलं. नदीतली वाळू विकून पैसा उभा केला, लोक राबले. आणि हिशेब असा मांडला की भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. ही खरी थिअरी. पाण्याचा हक्क जमिनीपासून सोडवला की गाव सोडायची सक्ती ढिली होते.

म्हणून सर्व्हेच्या फॉर्मात रकाने वाढवा. जात कोणती? जमीन किती? पाणी कुठल्या हक्कानं? गाव आधी कुणी सोडलं आणि परत कोण येऊ शकलं? हे रकाने कोरे ठेवून काढलेला निष्कर्ष आपल्याला मंजूर नाही. आपल्या आयांच्या तहानेवर दुसऱ्यांच्या पदव्या पुष्कळ झाल्या. आता प्रश्न आपण विचारायचे, आणि उत्तर घेऊन गावात परत जायचं.