पन्हाळा पाहावा तो अंबारखान्यापासून

सन २०२५ च्या जुलै महिन्यांत युनेस्कोनें मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत घेतले. त्यांपैकीं अकरा महाराष्ट्रांत असून बारावा जिंजी हा तामिळनाडूंत आहे. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या वांट्यास यांत पन्हाळा आला. ही गोष्ट अभिमानाची खरीच. परंतु अभिमानाच्या भरांत एक बाब दृष्टीआड होऊं नये, म्हणून हा लेखप्रपंच. साल्हेरवर किंवा राजगडावर प्रवासी चढतो, पाहतो आणि उतरतो. पन्हाळ्याच्या तटाच्या आंत मात्र एक लहानसें गांव नांदत आहे. तेथें नगरपरिषद आहे, तालुक्याची कचेरी आहे, शाळा व बाजार आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेलीं कुटुंबें आहेत. तेव्हां पन्हाळा कसा पाहावा आणि कसा राखावा, हे दोन प्रश्न एकाच वेळीं विचारांत घेतले पाहिजेत, असें आमचें मत आहे.

प्रथम पाहण्याविषयीं. कोल्हापुराहून पन्हाळा अवघा पांच कोसांच्या आंतबाहेर. वाघबिळावरून मोटार वर चढते. प्रवासी बाजीप्रभूंच्या पुतळ्यास हात जोडतो, तीन दरवाजा व सज्जा कोठी पाहतो, झुणका-भाकर खातो आणि दोन-तीन तासांत परत फिरतो. यांत कांहीं वावगें नाहीं. परंतु जो शेतीवर पोट भरतो त्यानें गड पाहण्यास आरंभ अंबारखान्यापासून करावा, अशी आमची शिफारस आहे. गंगा, यमुना व सरस्वती या नांवांच्या तीन कोठ्या तेथें आहेत. पैकीं गंगा ही सर्वांत मोठी. तिची उंची सुमारें ३५ फूट. दोन्ही अंगांस वर चढण्यास पायऱ्या आहेत. आंत सोळा खण असून प्रत्येक खणाच्या छतास एक भोंक ठेविलें आहे. वरून धान्य ओतावयाचें व खालून काढावयाचें, अशी ही योजना. या एका कोठींत पंचवीस हजार खंडी धान्य मावत असे, असें सांगतात. भात, नाचणी व वरी हीं तेथें सांठविलेलीं धान्यें. जवळच धर्मकोठी आहे. गरजूंस धान्य तेथून वांटलें जाई, अशी माहिती मिळते. तीन मजली अंधारबाव पाहिली म्हणजे धान्याबरोबर पाण्याचीही तजवीज कशी झांकून ठेविली होती, तें ध्यानांत येतें.

इतिहासाच्या पुस्तकांत आपण तलवारीची गोष्ट वाचतों. सन १६६० मध्यें सिद्दी जौहरानें मार्च महिन्यापासून गडास वेढा घातला आणि जुलैच्या मध्यास, भर पावसाच्या रात्रीं, शिवाजी महाराज वेढ्यांतून निसटून विशाळगडाकडे गेले. शिवा काशीद व बाजीप्रभू यांनीं त्यासाठीं प्राण वेंचले. हें सर्व खरें आणि वंदनीयच आहे. परंतु त्यापूर्वीं चार महिने गड लढला तो कशाच्या बळावर? कोठारांत दाणा होता म्हणून. आणि तो दाणा कोणी आकाशांतून आणिला नव्हता. गडाखालच्या वारणा-कासारीच्या खोऱ्यांत ज्यांनीं नांगर धरला त्यांच्या घामाचा तो होता. त्यांचीं नांवें कोणत्याही बखरींत नाहींत. त्यांचें स्मारक म्हणजे हा अंबारखाना होय. ज्याच्याजवळ सांठवण आहे तो वेढ्यांतही वाट पाहूं शकतो, आणि ज्याच्याजवळ नाहीं त्याला खळ्यावरच मिळेल त्या भावानें माल द्यावा लागतो. आपल्या मुलांस ही गोष्ट सांगण्यास त्या सोळा खणांपेक्षां चांगली शाळा आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां राखण्याविषयीं. वारशाच्या यादींत नांव जाण्यापूर्वींच गडावरील अनेक रहिवाशांस धास्ती वाटत होती, कीं घराची भिंत पडली तर ती उभारतां येईल कीं नाहीं, मुलगा वेगळा झाला तर त्यास खोली बांधतां येईल कीं नाहीं. ही धास्ती अगदींच निराधार नव्हे. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवें बांधकाम करण्यास आपल्या देशांत आधींपासूनच मनाई आहे, आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगी घ्यावी लागते; सन २०१० च्या दुरुस्तीनें हे निर्बंध कायद्यांतच घातले गेले. जुन्या घराच्या डागडुजीस परवानगी मिळूं शकते, परंतु ती मागावी लागते. ज्या गांवांत पावलोपावलीं तट, तळें किंवा कोठी आहे, तेथें या अंतरांत किती घरें सांपडत असतील याचा अंदाज वाचकांनींच करावा.

महसुली दप्तरांत आमचें आयुष्य गेलें. तेथें एक गोष्ट आम्हीं नेहमीं पाहिली: नियम कडक असला तरी रयत तो सोसते, पण नियम काय आहे हेंच कळलें नाहीं म्हणजे ती बिथरते. याचा दाखला खुद्द पन्हाळ्यावर आहे. पूर्वीं गडाची राखण करणाऱ्या गडकऱ्यांस चाकरीबद्दल जमिनी असत. सन १८४४ मध्यें कोल्हापूरच्या कारभारांत फेरबदल झाला व त्या जमिनींचा कारभार मामलेदाराच्या कचेरीकडे नेण्यांत आला. आपल्या जमिनी जाणार, असें गडकऱ्यांच्या मनानें घेतलें. सामानगडावर बंड उभें राहिलें, तें पन्हाळ्यापर्यंत आलें, आणि अखेर इंग्रजांच्या तोफांनीं त्याच वर्षाच्या १ डिसेंबरास गड पडला. दप्तरांतील एका बदलापायीं केवढा अनर्थ झाला पाहा! आज तसें कांहीं होईल असें आम्ही म्हणत नाहीं; काळ पालटला आहे. पण जमिनीविषयींची शंका मनांत कुजूं देऊं नये, हा धडा जुना झालेला नाहीं.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, गडावरील प्रत्येक मिळकतदारास त्याच्या घराचा नकाशा व त्यास लागू असलेले नियम सोप्या मराठींत, सहीशिक्क्यानिशीं द्यावेत. दुसरी, डागडुजीच्या अर्जाचें उत्तर पावसाळ्यापूर्वीं मिळावें. आषाढांत गळणाऱ्या घरास कार्तिकांतील परवानगी काय कामाची? सन २०२१ च्या जुलैंत अतिवृष्टीनें गडाचा मुख्य रस्ता खचला, तेव्हां तेथला पाऊस काय करूं शकतो हें सर्वांनीं पाहिलें आहे. तिसरी, प्रवाशांपासून येणाऱ्या उत्पन्नाचा कांहीं हिस्सा गडाच्या पाण्यासाठीं, स्वच्छतेसाठीं व गांवकऱ्यांच्या सोयींसाठीं राखून ठेवावा.

कोणी म्हणतील, गांवकऱ्यांस सवलत दिली तर उद्यां तटाला लागून इमले उठतील. ही भीतिही खोटी नाहीं, आणि नियम सैल करा असें आमचें म्हणणेंच नाहीं. नियम असावेत, पण ते ज्याच्यावर बसतात त्याच्या हातांत कागदावर असावेत. दगडाचा खरा राखणदार शेजारीं राहणारा मनुष्यच असतो. त्याला वारसा ही आपली मिळकत वाटली तर तो चिरा हलूं देणार नाहीं. ती शिक्षा वाटली तर दहा पहारेकरी ठेवूनही उपयोग व्हावयाचा नाहीं.

आपल्या मंडळानें सुगी आटोपल्यावर सभासदांची एक सहल पन्हाळ्यास न्यावी. ती एका मुक्कामाची असावी, म्हणजे चार पैसे गांवांत राहतील. कचरा आपला आपण खालीं आणावा, भिंतींवर नांवें कोरूं नयेत, आणि बाजारांत बसलेल्या बाईशीं भावासाठीं फार घासाघीस करूं नये; तीही आपल्यासारखी पिकवून विकणारीच आहे.