धीर देणाऱ्यांचा धीर

इंदूरला गेलेल्या मराठी माणसाला आपण परमुलखात आहोत असे फारसे वाटत नाही. होळकरांच्या राजवटीपासून तेथे रुजलेल्या मराठी कुटुंबांनी भाषा आणि शिक्षणाची ओढ दोन्ही जतन केली आहेत. तेथील स्नेहलतागंज भागात राहणाऱ्या एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंशी बोलण्याचा योग आम्हांस अलीकडे आला. महामारीच्या दिवसांविषयी विचारता बाई विद्यार्थ्यांबद्दल, सहकाऱ्यांबद्दल, पालकांबद्दल भरभरून बोलल्या. 'आणि त्या दिवसांत आपले स्वतःचे कसे होते?' या प्रश्नावर मात्र त्या थांबल्या. हे आजवर कोणी विचारले नव्हते, एवढेच त्या म्हणाल्या. त्या एका वाक्याने आम्हांस अंतर्मुख केले.

ते दिवस आठवावेत. मार्च २०२० च्या अखेरीस इंदुरात पहिले रुग्ण आढळले आणि पाहता पाहता ते शहर देशातील मोठ्या संसर्गकेंद्रांपैकी एक ठरले. १ एप्रिल रोजी टाटपट्टी बाखल येथे आरोग्यपथकावर दगडफेक झाली. अशा शहरात शाळेचे कुलूप सांभाळणाऱ्याने करावयाचे तरी काय काय? मध्य प्रदेश शासनाने ६ जुलै २०२० पासून 'हमारा घर, हमारा विद्यालय' ही योजना सुरू केली. ज्या घरात एकच दूरध्वनी आणि तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, तेथे धडा कसा पोचवावा हे शाळेनेच ठरवायचे होते. मध्यान्ह भोजनाचे धान्य घरोघरी द्यायचे होते. नोव्हेंबर २०२० मध्ये सांवेरची पोटनिवडणूक झाली, तिचेही काम होतेच. खासगी शाळांत शुल्काचा तंटा न्यायालयापर्यंत गेला. पालकांचा रोष आणि शिक्षकांचे थकलेले वेतन यांच्या मध्ये उभा होता तो मुख्याध्यापकच.

हे केवळ इंदूरचे नव्हे. आमच्या गोव्यात दहावीची परीक्षा २१ मे २०२० पासून प्रत्यक्ष घेण्यात आली. पुढच्या वर्षी ती रद्द झाली. महाराष्ट्रातही २०२१ साली दहावीची परीक्षा न होता शाळांनी दिलेल्या अंतर्गत गुणांवर निकाल लागला. एका वर्षी मुलांच्या जिवाची जबाबदारी, दुसऱ्या वर्षी त्यांच्या भवितव्याची. आणि दोन्ही वेळी निर्णय वरचा, परंतु उत्तरे देणारा खालचा. मनाला खरी झीज लागते ती कष्टाने नव्हे, तर अधिकारावाचून आलेल्या जबाबदारीने.

डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार यांनी याहून अधिक सोसले, असा आक्षेप कोणी घेईल. तो खोटा नाही. ज्यांची रोजीच बुडाली, त्यांच्या तुलनेत नियमित वेतन मिळणारा मुख्याध्यापक सुदैवीच म्हणावा लागेल. परंतु दुःखांची अशी उतरंड लावल्याने एकाचेही दुःख हलके होत नाही. शिवाय शाळेचा प्रमुख खचला की त्याच्या मागे शिक्षक आणि शिक्षकांमागे मुले खचतात. म्हणून हा प्रश्न व्यक्तीचा नसून संस्थेचा आहे.

आपल्या समाजाला गुरुजनांचा त्याग पूजण्याची सवय आहे. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १८९७ च्या मार्चमध्ये स्वतः त्या रोगाला बळी पडल्या. त्यांच्यापुढे आपण नतमस्तक होतो ते योग्यच. पण त्यागाची थोरवी गाणाऱ्या समाजाने तो त्याग इतरांकडून गृहीत धरावा, हे मात्र योग्य नव्हे.

केंद्र शासनाने जुलै २०२० मध्ये 'मनोदर्पण' उपक्रम सुरू केला, ऑक्टोबर २०२२ मध्ये 'टेली मानस' ही १४४१६ क्रमांकाची सेवा आली. दोन्ही स्वागतार्ह. अडचण इतकीच, की हे क्रमांक शाळेच्या फलकावर लावणारा मुख्याध्यापक स्वतः तो फिरवताना शंभरदा विचार करतो. ज्याने सर्वांना धीर द्यायचा, त्याने धीर मागणे हा आपल्याकडे दुबळेपणा समजला जातो.

यास्तव आमच्या सूचना साध्या आहेत. रिक्त मुख्याध्यापकपदे प्रभारींच्या खांद्यावर न टाकता भरावीत. शासनाची परिपत्रके एकाच मार्गाने आणि कार्यालयीन वेळेत यावीत. रात्री अकराला आलेल्या आदेशाचा अहवाल सकाळी मागू नये. शिक्षणहक्क कायद्याचे सत्ताविसावे कलम शिक्षकांना आपत्ती निवारणाच्या कामास जुंपण्याची मुभा देते. ती वापरताना शाळाप्रमुखास तरी वगळावे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने शाळासंकुलांची कल्पना मांडली आहे. त्या संकुलांत मुख्याध्यापकांची मासिक बैठक व्हावी आणि तीत तक्ते व आकडे यांना जागा नसावी. समदुःखी माणसांनी एकमेकांशी मोकळेपणाने बोलावे, हाच तिचा विषय असावा.

मुलांचे बुडालेले शिक्षण मोजण्यासाठी चाचण्या झाल्या, अहवाल निघाले. मुख्याध्यापकांच्या मनाची मोजदाद करण्यासाठी चाचणीही नको. पुढचे संकट येण्यापूर्वी शाळेच्या दारात उभे राहून त्यांना एकदा 'आपण कसे आहात?' असे विचारले, आणि उत्तर ऐकण्यासाठी क्षणभर थांबलो, तरी आरंभ झाला असे आम्ही मानू.