घोडा का अडला?

भाकरी का करपली, पान का सडले आणि घोडा का अडला, या तीन प्रश्नांना एकच उत्तर शोधावयाचे, असे एक कोडे महाराष्ट्रात घरोघरी घातले जाते. ‘न फिरवल्यामुळे’ हे त्याचे उत्तर लहान मुलेही चटकन देतात. उत्तर चतुराईचे आहे आणि खरेही आहे. पागेत नुसता बांधून ठेवलेला घोडा आखडतो, हे कोणताही मोतद्दार सांगेल. परंतु रोज नेमाने फिरवलेला, पोटभर दाणावैरण मिळालेला, पायांनी धडधाकट असलेला घोडाही कधी कधी अडतो. खोगीर दिसताच तो कान मागे पाडतो, तंग आवळू लागताच चावावयास धावतो, स्वार बसला की दुगाण्या झाडतो. अशा जनावराला काय म्हणावे, हे भाषेने आधीच ठरवून टाकले आहे. तो ‘अडेलतट्टू’! हट्टी माणसालाही आपण तेच नाव देतो. निकाल लागून गेला. घोड्याची फिर्याद मात्र कोणी ऐकलीच नाही. या निकालात पुष्कळदा अन्याय असतो, आणि तो अन्याय चाबकाच्या रूपाने घोड्याच्या अंगावर उमटतो.

घोड्याची बाजू समजावयाची असेल, तर त्याच्या पाठीच्या आत डोकावले पाहिजे. घोड्याच्या पाठीत साधारणतः अठरा मणके असतात आणि त्यांच्या मागे कमरेचे सहा. प्रत्येक मणक्यातून वरच्या बाजूस हाडाचा एक चपटा काटा निघतो. मानेच्या मुळाशी जो उंचवटा दिसतो, तेथे हे काटे वीतभर लांब असतात. पुढे ते आखूड होत जातात. दोन काट्यांच्या मध्ये थोडी मोकळी जागा असते आणि त्या जागेत त्यांना जोडणारा चिवट बंध असतो. ही जागा ४ मिलिमीटरांपेक्षा अधिक असली, तर ती सर्वसाधारण समजतात. काही घोड्यांत मात्र ती कमी कमी होत जाते. काटे एकमेकांना टेकतात, घासतात, क्वचित एकमेकांवर चढतातही. हे बहुधा नेमके खोगिराच्या खालीच घडते. इंग्रज लोक या विकाराला ‘किसिंग स्पाइन्स’, म्हणजे एकमेकांचे चुंबन घेणारे मणके, असे म्हणतात. नाव गमतीचे आहे. दुखणे मुळीच गमतीचे नाही. पायात काटा रुतला तर मनुष्य पाय वर उचलतो. घोड्याने पाठ कोठे उचलून ठेवावी?

मनुष्य कण्हतो, लहान मूल रडते. घोडा हा मात्र रानात शिकारी पशूंच्या भीतीने वाढलेल्या कुळातला प्राणी. दुबळेपणा दाखवणे म्हणजे मरण ओढवून घेणे, हे त्याच्या रक्तात मुरलेले आहे. म्हणून तो दुखणे बोलून दाखवीत नाही. ते त्याच्या वागण्यात दिसते. खरारा करताना तो पाठ चोरतो. उडी मारावयाच्या वेळी ऐनवेळी थांबतो. चालताना पाठ खोल करून डोके वर ताणतो. पाहणारे म्हणतात, घोडा बिघडला. मग तो विकला जातो, नवा धनी चार दिवस कौतुक करतो आणि पाचव्या दिवशी तोही चाबूक उचलतो. इंग्लंडमध्ये लिओ जेफकॉट या पशुवैद्याने पाठदुखीच्या ४४३ घोड्यांची पाहणी करून तिचा वृत्तान्त १९८० साली प्रसिद्ध केला. घोड्याची पाठ हा नीट अभ्यास करण्याजोगा विषय आहे, ही गोष्ट त्यामुळे पुष्कळ पशुवैद्यांच्या ध्यानात आली. त्या आधीही घोड्यांच्या पाठी दुखतच होत्या.

तथापि येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. क्ष-किरणांनी घेतलेल्या चित्रात काटे जवळ आलेले दिसले, म्हणजे दुखण्याचे कारण सापडलेच असे नव्हे. असे काटे असूनही आयुष्यभर आनंदाने धावणारे घोडे पुष्कळ असतात. म्हणून जाणते पशुवैद्य चित्रावर भिस्त ठेवीत नाहीत. ते संशयित जागी बधिर करणारे औषध टोचतात आणि थोड्या वेळाने घोड्यावर पुन्हा स्वार बसवतात. मघाशी जो दुगाण्या झाडत होता, तोच आता मोकळेपणाने पावले टाकू लागला, तर दोष स्वभावाचा नसून पाठीचा होता, असे अनुमान निघते. ज्याला ‘द्वाड’ म्हणून हिणवले, त्याच्या बाजूने याहून बोलकी साक्ष कोणती असणार?

हे सारे माणसाच्या ओझ्यामुळेच होते, असे म्हणण्याचा मोह पडतो. परंतु तेही पूर्ण खरे नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे डांबराची प्राचीन डबकी आहेत. त्यांत रुतून मेलेल्या अनेक प्राण्यांची हाडे तेथे जशीच्या तशी टिकून राहिली आहेत. कधीच नामशेष झालेल्या एका जातीच्या घोड्याच्या सांगाड्यातही मणक्यांचे काटे असेच एकमेकांवर चढलेले आढळले, असा अहवाल १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्या घोड्यावर कोणी मांड टाकली नव्हती. माणसाने घोड्यावर बसण्याच्या कित्येक सहस्र वर्षे आधीचा तो. तेव्हा दुखण्याचे बीज निसर्गातही असू शकते. परंतु बीज कोणाचेही असो, दुखऱ्या पाठीवर खोगीर चढवून वर बसणारा माणूसच असतो, आणि उतरून पाहण्याचे कामही त्याचेच.

औषधोपचारांनी बरे वाटले नाही, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. १९६८ च्या सुमारास घासणाऱ्या काट्यांचा भाग कापून काढण्याची रीत प्रचारात येऊ लागली. त्यासाठी घोड्याला पूर्ण बेशुद्ध करून आडवे पाडावे लागे. चार-पाचशे किलोंचा तो देह आडवा पाडणे एक वेळ सोपे. शुद्धीवर येताना तो भेलकांडत उठू पाहतो आणि त्या धडपडीत पाय मोडण्याचेही भय असते. पुढे गुंगीचे औषध देऊन, पाठ बधिर करून, घोडा उभा असतानाच ही क्रिया करता येऊ लागली. २०१२ साली रिचर्ड कूमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी निराळी रीत मांडली. तीत हाडाला हात लावावयाचा नाही. लहान लहान छेदांतून कात्री आत घालून दोन काट्यांमधला ताणलेला बंध तेवढा कापावयाचा. त्या बंधात वेदना नेणारे मज्जातंतू असतात. बंध तुटला की ताण जातो आणि वेदनेची वाटही तुटते. त्यांनी ज्या ३७ घोड्यांवर ही क्रिया केली, त्यांपैकी ३५ घोड्यांचे पाठदुखणे थांबले. याच पाहणीत ३८ घोड्यांना केवळ औषध टोचले होते. त्यांपैकी ३४ घोड्यांना आरंभी आराम पडला, पण पुढे कित्येकांचे दुखणे उलटले.

हे आकडे ऐकून धन्याला वाटते, काम झाले. आता चार दिवसांत घोडा पुन्हा शर्यतीला उभा करावा. मोठी चूक होते ती येथेच. कात्रीने बंध तुटतो; दुखण्यामुळे लागलेली सवय तुटत नाही. महिनोन्महिने घोड्याने पाठ आखडून धरलेली असते. पाठीचे खोल स्नायू रोडावलेले असतात, आणि खोगीर म्हणजे यातना हे त्याच्या मनात पक्के बसलेले असते. शस्त्रवैद्याचे काम तासाभराचे; त्यानंतरचे काम महिन्यांचे, आणि ते तितक्याच मोलाचे आहे. शस्त्रक्रियेसाठी सढळ हाताने पैसे मोजावयाचे आणि पुढच्या निगराणीला वेळ नाही म्हणावयाचे, याला घोड्यावरचे प्रेम म्हणता येणार नाही.

ही निगराणी कशी असते? १९४६ साली स्लायपर नावाच्या डच शास्त्रज्ञाने चतुष्पाद प्राण्याच्या पाठीला धनुष्याची उपमा दिली. पाठीचा कणा हे धनुष्य आणि पोटाचे स्नायू ही त्याची प्रत्यंचा. प्रत्यंचा ताणली की धनुष्य वाकून वर उचलले जाते, सैल पडली की ते खाली बसते. तेव्हा पाठ वर उचलावयाची तर पोट बळकट केले पाहिजे! आरंभीचे दिवस विश्रांतीचे आणि हाती धरून संथ चालवण्याचे. जखम भरल्यावर घोड्याला लांब दोरीवर वर्तुळात फिरवतात. पाठीवर कोणी नसते, आणि त्याने डोके खाली सोडून चालावे अशी योजना केलेली असते. मान खाली गेली की तिच्यापासून पाठीवर येणारा बळकट बंध ताणला जातो, पाठ वर उचलली जाते आणि काट्यांमध्ये जागा होते. जमिनीवर आडव्या ठेवलेल्या बल्ल्या ओलांडावयास लावतात. त्यामुळे घोडा पाय उचलतो आणि पोटाचे स्नायू आपोआप कामाला लागतात.

यांतला सर्वांत सोपा व्यायाम गाजराचा. गाजर घोड्याच्या तोंडापुढे धरून हळूहळू छातीकडे, मग पुढच्या पायांच्या मध्ये, मग बरगड्यांच्या बाजूला न्यावयाचे. गाजरामागे घोड्याचे तोंड जाते आणि तोंडामागे मान नि पाठ वळते. आठ घोड्यांकडून असा व्यायाम तीन महिने करून घेतला असता, त्यांच्या कण्यालगतचे खोल स्नायू जाड झालेले आढळले, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नमूद आहे. त्या काळात त्यांच्यावर स्वार बसवला नव्हता. ज्या कामी चाबूक हरतो, त्या कामी गाजर जिंकते, हे वाचून मुलांना हसू येईल. मोठ्यांनी मात्र थोडे लाजावयास हरकत नाही.

बंध कापलेल्या घोड्यावर पुन्हा स्वार बसतो तो साधारण दीड महिन्याने. हाड काढले असेल तर आणखी उशिरा. त्या आधी खोगिराचीही तपासणी झाली पाहिजे. आत कसलीही गाठोडी कोंबून जागा भरून काढणे, याला ‘खोगीरभरती’ म्हणतात. निबंधातील खोगीरभरतीने फार तर गुरुजी रागावतात. घोड्याच्या पाठीवर तिचे वळ उठतात. घोड्याच्या पाठीचा आकार व्यायामाने बदलतो, तेव्हा कालचे खोगीर आज बसेलच असे नाही.

एवढा खर्च आणि एवढा खटाटोप एका जनावरासाठी कशाला, असे विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही, कारण पैसा सर्वांपाशी नसतो आणि शस्त्रक्रिया प्रत्येक घोड्याला तारतेच असेही नाही. काही घोडे त्यानंतरही स्वाराचे ओझे सहन करू शकत नाहीत. पण मग अशा घोड्याला निरुपयोगी ठरवून विकून टाकणे हा हिशेब बरोबर आहे काय? ज्या पाठीवर बसून मनुष्याने मौज केली, बक्षिसे मिळवली, ती पाठ दुखेनाशी व्हावी एवढाच हेतू असला तरी उपचार पुरेसे सार्थ आहेत. स्वारी हा त्यावरचा लाभ समजावा. आणि ज्याला शस्त्रक्रिया परवडत नाही, त्यालाही तंग सैल करता येतो, खोगीर उतरवता येते, पाठीवरून हात फिरवून घोडा कोठे दचकतो ते पाहता येते. त्याला पैसा लागत नाही. रागाच्या भरात घोड्याशी वागू नये, असे ग्रीक सेनानी झेनोफोन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच लिहून ठेवले होते. तो स्वतः लढाया केलेला मनुष्य होता.

शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी पशुवैद्य घोडा पुन्हा पाहावयास येतो, तेव्हा धनी उत्साहाने त्याला घोड्याची दुडकी दाखवतो, उडी दाखवतो. वैद्य ते पाहतो खरे, पण त्या आधी तो पागेच्या दाराशी मुकाट्याने उभा राहतो. मोतद्दार खोगीर घेऊन येतो, ते पाठीवर ठेवतो, खाली वाकून तंग आवळू लागतो. त्या क्षणी वैद्याची दृष्टी घोड्याच्या कानांवर खिळलेली असते.