पुढें गेलेलें प्यादें

गेल्या दिवाळींत अहमदपुरास आमच्या ओसरीवर एक लहानसें युद्ध झालें. पुण्याहून आलेल्या नातवानें बुद्धिबळाचीं पांढरीं मोहरीं घेतलीं. काळीं नातीकडे आलीं. नातवानें राजा, वजीर आणि त्यांच्या शेजारचे दोन उंट यांच्यापुढचीं चारही प्यादीं दोन दोन घरें पुढें लोटलीं. नातीनें एक प्यादें एकच घर सरकवून त्याच्या मागें उंट बसविला, किल्लेकोट केला आणि ती स्वस्थ राहिली. वीस चाली होण्यापूर्वींच पांढऱ्याची फळी कोसळली. नातवानें पट उलथला व रागानें म्हणाला, “आजोबा, नेहमीची वाट सोडून चाल करावी, असें तुम्हींच सांगितलें होतें!”

आरोप खरा होता. झटपट मात दिली कीं पाठ थोपटणारे आम्हीच. हरलेल्या डावाची विचारपूस आम्हीं कधीं केली नव्हती.

नातीच्या मांडणीस राजाचा भारतीय बचाव म्हणतात. हें नांव उगीच पडलेलें नाहीं. आपल्या जुन्या खेळांत प्यादें पहिल्या चालीसही एकच घर सरके; त्यामुळें अशा सावध मांडणीची आपल्या खेळाडूंस संवय होती. कलकत्त्याचे महेशचंद्र बंद्योपाध्याय याच रीतीनें स्कॉटलंडचे नामांकित खेळाडू जॉन कॉक्रेन यांच्याशीं खेळत. सन १८५५ मधील एका डावांत कॉक्रेन यांनीं हींच चार प्यादीं पुढें घातलीं. महेशचंद्रांनीं नवव्या चालीस घोडा देऊन मधलें प्यादें मारलें. पुढें स्वतःचा वजीर मारूं दिला आणि लागलीच समोरचाही वजीर घेतला. कॉक्रेन यांचा राजा किल्लेकोटावांचून शेवटपर्यंत उघड्यावरच राहिला व डाव ते हरले.

मग चढाई त्याज्य समजावी काय? मुळींच नाहीं. चार प्याद्यांची चढाई जाणते खेळाडू आजही खेळतात. काळ्याचा घोडा बाहेर पडतांच दुसऱ्याच चालीस त्यावर उंट रोखण्याची रीत ब्राझीलचे खेळाडू ट्रॉम्पोव्स्की यांच्या नांवानें प्रसिद्ध आहे. प्रतिपक्षाची पाठ केलेली वाट चुकवावी व त्यास पटापुढें विचार करावयास लावावें, हाच अशा रीतींचा हेतु. परंतु चकविणें निराळें आणि जिंकणें निराळें. घोडा, उंट, हत्ती हे चुकल्यास माघारी येतात. प्यादें मात्र कधींच मागें फिरत नाहीं. तें पुढें घालण्यापूर्वीं त्यास आधार कोणाचा व मागें राजा सुरक्षित आहे कीं नाहीं, हें मोजलें पाहिजे. नाहींतर उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

मुलांना आडवाटेची चढाई अवश्य शिकवावी. पण ती ज्याच्यावर करावयाची, त्या काळ्या बाजूनेंही त्यांस दहा डाव खेळवावे. मुलगा हरला तर त्याच दिवशीं तो डाव त्याच्याकडून पुन्हां मांडून घ्यावा. घरांतल्या वडिलधाऱ्यांनीं जय पाहून पाठ थोपटणें सोपें आहे; पराजयाशेजारीं बसणें कठीण.

दुसऱ्या दिवशीं नातवानें आपण होऊन काळीं मोहरीं मागितलीं. नातीनें चार प्यादीं पुढें घातलीं. तो पुन्हां हरला. परंतु या खेपेस पट जागेवर राहिला, आणि आम्ही त्याच्या शेजारीं कागद-पेन्सिल घेऊन बसलों.