मागे वळून पाहणारी क्रिस्टिना : एका रूढ प्रतिमेची फेरतपासणी

स्थलांतराच्या साहित्यातील काही प्रतिमा कालांतराने इतक्या रूढ होतात की, मूळ साहित्यकृतीच त्यांच्यामागे झाकोळून जाते. स्वीडनच्या दक्षिण किनाऱ्यावरील कार्ल्सहाम्न बंदरात १९५९ पासून उभे असलेले देशांतरितांचे शिल्प हे याचे ठळक उदाहरण होय. विल्हेल्म मोबेर्ग (१८९८-१९७३) यांच्या कादंबरीमालेतील कार्ल ऑस्कर आणि क्रिस्टिना हे दांपत्य शिल्पकार आक्सेल ओल्सन यांनी त्यात साकारले आहे. कार्ल ऑस्करची दृष्टी समुद्राकडे लागलेली आहे. क्रिस्टिना मात्र मान वळवून सोडलेल्या भूमीकडे पाहते आहे. पुरुषाकडे भविष्य आणि स्त्रीकडे भूतकाळ, अशी ही वाटणी. ती मोबेर्ग यांच्या कादंबरीला न्याय देत नाही आणि अमेरिकेत जमीन कसणाऱ्या स्वीडिश स्त्रीच्या प्रत्यक्ष जीवनालाही देत नाही, असे माझे मत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९३० पर्यंत बारा लाखांच्या आसपास स्वीडिश माणसे अमेरिकेला गेली. खडकाळ जमीन, वारसांमध्ये तुकडे होत गेलेली शेते, नापिकी आणि कर्ज ही त्यामागची परिचित कारणे. १९४९ ते १९५९ या काळात चार खंडांत प्रसिद्ध झालेल्या मोबेर्ग यांच्या कादंबरीमालेतील कुटुंब स्मोलांड प्रांतातील आहे. कार्ल ऑस्कर देशांतराचा विचार मांडतो तेव्हा क्रिस्टिना विरोध करते. दुष्काळात त्यांची थोरली मुलगी अन्ना भुकेपोटी अर्धवट शिजलेली पेज अधाशीपणे खाऊन मरण पावते; त्यानंतर क्रिस्टिना जाण्यास संमती देते. ही संमती पतीपुढची शरणागती नव्हे. मायभूमीत मुले जगणार नाहीत, हा एका आईने पुराव्यानिशी काढलेला निष्कर्ष आहे. शिल्पातील मागे वळलेली मान हा निष्कर्ष पुसून टाकते.

मिनेसोटातील तळ्याकाठी वसल्यानंतर क्रिस्टिनाला घराची ओढ लागते, हे खरेच आहे. तिच्या समाधानासाठी कार्ल ऑस्कर शेताला तिच्या माहेरचे, दुवेमोला हे नाव देतो. माहेरहून आलेल्या बियांतून सफरचंदाचे झाड वाढते. परंतु या ओढीबरोबर कादंबरीत कष्टांचा अखंड हिशेबही चाललेला आहे. स्वयंपाक, दूधदुभते, कपडे शिवणे, आजाऱ्यांची शुश्रूषा आणि एकामागून एक बाळंतपणे. आणखी एक गर्भारपण तिच्या जिवावर बेतेल, असा इशारा डॉक्टर देतात आणि अखेर तसेच घडते. स्मरणरंजनात रमलेली स्त्री म्हणून तिच्याकडे पाहणारा वाचक तिच्या मृत्यूचे कारण विसरतो. ते कारण विरहाचे नाही, शरीराच्या झिजेचे आहे.

या कादंबरीत उल्रिका नावाची दुसरी स्त्री आहे. लहानपणी अनाथ म्हणून लिलावात दिली गेलेली, अत्याचार सोसलेली, पुढे देहविक्रयामुळे गावाने आणि चर्चने दूर लोटलेली. अमेरिकेत ती एका बाप्टिस्ट धर्मोपदेशकाशी विवाह करून प्रतिष्ठित जीवन जगते. प्रवासात तिचा तिरस्कार करणारी क्रिस्टिना पुढे तिची जिवलग मैत्रीण होते आणि नव्या भूमीतील पहिल्या बाळंतपणात उल्रिकाच सुईणीचे काम करते. उल्रिकाने मागे वळून काय पाहावे? शिल्पाला तिच्यासाठी जागा नाही, कारण तिला घेतले तर स्त्री म्हणजे भूतकाळ हे समीकरणच मोडते.

वास्तवातील पुरावाही विचारात घ्यावयास हवा. मोबेर्ग १९४८ मध्ये अमेरिकेस गेले, तेव्हा त्यांना मिनेसोटाच्या इतिहास संस्थेत आंद्रू पीटरसन या स्वीडिश शेतकऱ्याच्या दैनंदिन्या अभ्यासावयास मिळाल्या. १८५० मध्ये देश सोडलेल्या पीटरसनने १८५४ पासून १८९८ मधील मृत्यूपर्यंत हवामान, पेरणी, झाडतोड, शेजाऱ्यांची मदत यांच्या कोरड्या नोंदी केल्या. १८५८ मध्ये त्याचा एल्साशी विवाह झाला. त्यांना नऊ अपत्ये झाली. या नोंदींत शेत दिसते, मात्र एल्साच्या मनाला तिथे वाव नाही. कादंबरीकाराने क्रिस्टिनाला बोलते केले ते या मौनाच्या पार्श्वभूमीवर, हे त्याचे श्रेय आहेच. तथापि कल्पिताने भरून काढलेली ही रिकामी जागा इतिहासातील स्त्रीचा आवाज म्हणून उद्धृत करणे हा पद्धतिशास्त्रीय दोष ठरेल.

कायद्याचा दाखला तर शिल्पाच्या थेट विरोधात जातो. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने २१ वर्षांवरील अविवाहित स्त्रीला, तसेच कुटुंबप्रमुख असलेल्या विधवेला स्वतःच्या नावे १६० एकर जमिनीसाठी अर्ज करण्याचा हक्क दिला. पतीसह राहणाऱ्या विवाहितेला मात्र तो नव्हता. विला कॅथर यांच्या १९१३ मधील ‘ओ पायोनियर्स!’ या कादंबरीत स्वीडिश कुटुंबातील अलेक्झांड्रा बर्गसन नेब्रास्कातील शेत नावारूपाला आणते; तरीही कुटुंबाची मालमत्ता अखेर पुरुषांचीच, असे तिचे भाऊ तिला सुनावतात. पुढे पाहणाऱ्या स्त्रीला मागे ढकलणारी शक्ती घराची ओढ नसून मालकीहक्काची समजूत आहे, हे कॅथर यांनी नेमके ओळखले.

अर्थात क्रिस्टिनाऐवजी अलेक्झांड्राचा गौरव करून प्रश्न सुटत नाही. ज्या जमिनीवर हे संसार उभे राहिले ती निर्जन नव्हती. पीटरसन कुटुंबाचे शेत ज्या प्रदेशात होते, तो १८५१ च्या करारांनी डाकोटा लोकांकडून काढून घेण्यात आला होता. १८६२ च्या डाकोटा युद्धानंतर मँकेटो येथे ३८ डाकोटा पुरुषांना एकाच दिवशी फाशी देण्यात आले. मोबेर्ग यांनी क्रिस्टिनाची मृत्युशय्या याच युद्धाच्या छायेत ठेवली आहे. कार्ल ऑस्करची पुढे लागलेली नजरही म्हणून निष्पाप मानता येत नाही.

स्थलांतराचे साहित्य शिकवताना आपण ‘ओढ’, ‘मुळे’, ‘तुटलेपण’ या शब्दांवर फार लवकर विसंबतो. स्त्री कोठे पाहते, हे विचारण्याआधी ती काय करते, कशाला संमती देते, जमीन कोणाच्या नावावर आहे आणि तिच्याविषयीची नोंद कोणी केली, हे विचारले पाहिजे. हे प्रश्न घेऊन मोबेर्ग पुन्हा वाचले, तर क्रिस्टिना शिल्पाहून कितीतरी मोठी असल्याचे दिसून येईल.