माणसें घडविणारें दुकान

कापडाच्या दुकानावर लिहावयास बसलेल्या आम्हांस पाहून वाचकांस नवल वाटेल. जन्मभर शब्दरूपें पाठ करवून घेणाऱ्यास व्यापाराचें काय कळतें, असाहि प्रश्न कोणी करील. परंतु ज्या दुकानाची ही हकीकत आहे, त्याची वाढ मालापेक्षां माणसांच्या शिक्षणावर झाली. आणि शिक्षण हा तर आमचाच प्रांत.

अमेरिकेंतील वायोमिंग राज्यांत केमरर हें कोळशाच्या खाणींचें लहान गांव. तेथें १९०२ च्या एप्रिलमध्यें जेम्स कॅश पेनी ह्या २६ वर्षांच्या तरुणानें ‘गोल्डन रूल’ म्हणजे ‘सुवर्णनियम’ नांवाचें कपड्यांचें दुकान मांडलें. लोकांनीं आपणांशीं जसें वागावें असें वाटतें तसेंच आपण त्यांच्याशीं वागावें, हाच तो नियम. दुकानांतील तृतीयांश भाग त्यानें २००० डॉलरांस घेतला; पैकीं ५०० पदरचे, १५०० कर्जाऊ. उरलेला भाग त्याच्या पूर्वीच्या दोघां धन्यांचा. बिऱ्हाड दुकानाच्या माळ्यावर. खाणमजूर कंपनीच्या दुकानांतून उधारीनें माल नेत. पेनीनें मात्र रोखीचा व्यवहार आणि सर्वांस एकच भाव ठेविला. पहिल्या दिवसाची विक्री ४६६ डॉलर ५९ सेंट झाली.

१९०७ सालीं त्यानें भागीदारांचे हिस्से विकत घेतले आणि धन्यांनीं आपणांस जी संधि दिली होती तीच आपल्या माणसांपुढें ठेविली. ज्या व्यवस्थापकानें काटकसरीनें शिल्लक टाकली असेल आणि आपली जागा चालवील असा दुसरा माणूस तयार केला असेल, त्यास नव्या दुकानांत तृतीयांश भाग घेतां येई. तो दुसराहि पुढें त्याच वाटेनें जाई. सारें मर्म येथेंच आहे. हाताखालच्यापासून विद्या लपवून ठेवणाऱ्याचा स्वतःचाच उत्कर्ष खुंटे. १९१२ पर्यंत ३४ दुकानें झालीं. १९१३ सालीं ‘जे. सी. पेनी कंपनी’ स्थापन झाली. १९२४ सालीं मिसुरीमधील हॅमिल्टन ह्या पेनीच्या जन्मगांवीं ५०० वें दुकान उघडलें. १९२९ पर्यंत संख्या सुमारें १४०० वर गेली.

हें वाचून आम्ही थोडे ओशाळलों. गुरूनें शिष्याकडून पराभवाची इच्छा धरावी, असें वर्गांत आम्ही कितीदां सांगितलें. पण शाळेचें वेळापत्रक बसविण्याची हातोटी मात्र एकाहि धाकट्या शिक्षकास शिकविली नाहीं. आपल्यावांचून कोणाचें अडावें, ह्यांत एक गोडी असते. आम्ही निवृत्त झालों त्या वर्षीं पहिले तीन आठवडे शाळेंत गोंधळ माजला. दोष आमचाच होता.

ह्याच दुकानाच्या उत्तरायुष्यांतहि एक धडा आहे. पेनी १९७१ सालीं वारला. पुढें सवलतींची चाल रूढ झाली. २०१२ सालीं मुख्याधिकारी रॉन जॉन्सन ह्यांनीं सूट व कुपनें एकदम बंद करून सरळ भाव लाविले. विचार मूळ पुरुषाच्या नियमाशीं जुळणारा होता. परंतु गिऱ्हाईकांस सवलतींची गोडी लागली होती आणि आधीं चार दुकानांत पडताळा पाहण्याचें सुचलें नाहीं. एका वर्षांत विक्री सुमारें चतुर्थांशानें घटली. २०१३ च्या एप्रिलांत जॉन्सन ह्यांस जावें लागलें. पुढें कर्जाचा भार, घरबसल्या खरेदीची चाल आणि करोनाची साथ ह्यांनीं २०२० च्या मे महिन्यांत कंपनीस दिवाळें मागावें लागलें. त्याच वर्षीं नव्या मालकांनीं ती घेतली. नांव मात्र टिकलें.

चांगला नियमहि वरून लादला तर रुजत नाहीं. ज्यांनीं तो पाळावयाचा, त्यांस आधीं त्यांत भागीदार करावें लागतें. आपल्या एकत्र कुटुंबांस ह्याहून निराळें काय सांगावें? तिजोरीची किल्ली, जमाखर्चाची वही, लग्नकार्याची यादी हीं सारीं वडिलांच्याच हातीं असतात. मग धाकट्यांस कळत नाहीं अशी तक्रारहि वडीलच करितात. ह्या महिन्याचा जमाखर्च एखाद्या पुतण्याकडे किंवा सुनेकडे सोपवावा. चार चुका होतील. त्या होऊं द्याव्या. आपण नसतां घर चाललें, तरच आपण तें चालविलें असें म्हणावयाचें.